हरभऱ्याची आंब आणि पानावरची लव

थंडीचे दिवस आले की मला दादीचं पांढरं फडकं आठवतं. धुऊन धुऊन विरलेलं, अब्बांच्या जुन्या धोतराचं. डिसेंबर-जानेवारीत हरभरा फुलावर आला की दादी पहाटे उठवायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. खटाव तालुक्यात येरळेच्या काठापासून थोडं वर आमचं दोन एकराचं रान. अजून तांबडंही फुटलेलं नसायचं. एक टोक दादी धरायची, दुसरं मी, आणि दवानं ओल्या झालेल्या हरभऱ्यावरून ते फडकं आम्ही अलगद ओढत जायचो. चार-सहा सऱ्या झाल्या की फडकं जड व्हायचं. दादी ते वाटीत पिळायची, गाळून काचेच्या बाटलीत भरायची. हीच हरभऱ्याची आंब. वर्षभर गावातलं कुणी ना कुणी पोटदुखीसाठी, अजीर्णासाठी ती मागायला यायचं. दादीनं तिचे पैसे कधी घेतले नाहीत.

एकदा मी बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "ही आंबट कशी झाली?" असं विचारल्यावर दादी म्हणाली, "झाडाचा घाम आहे तो." पुढं बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, सांगलीला नोकरीला आलो. दादीचं ते वाक्य मी कवितेतलं वाक्य समजत होतो. ते जवळपास शास्त्रातलं वाक्य आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आज त्याविषयीच बोलायचं आहे. म्हणजे झाडाच्या अंगावर जी बारीक लव असते, तिच्याविषयी.

हरभऱ्याचं पान उन्हाकडं धरून पाहा. कडेला बारीक केसांची झालर दिसेल. फुलाच्या पाकळ्या सोडल्या तर हरभऱ्याचं सगळं झाड, देठ, पान, घाटा, अशा केसांनी झाकलेलं असतं. यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला एक इवलीशी गाठ असते. ती गाठ म्हणजे ग्रंथी. तिच्यातून मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. रात्री दव पडलं की ते दवात मिसळतं आणि आपल्याला थेंबाथेंबानं दिसतं. आयुर्वेदात याला चणकाम्ल असं नाव आहे. आपण शेतकरी आंब म्हणतो. मराठवाडा-विदर्भाकडं कुणी खार म्हणतात.

वनस्पतींच्या या केसांना शास्त्रात ट्रायकोम म्हणतात. ते नाना तऱ्हेचे असतात. काही नुसते कोरडे, टोकदार. काही वाकड्या आकड्यासारखे. काही हरभऱ्यासारखे ग्रंथीचे, त्यातून चिकट, आंबट किंवा उग्र वासाचा रस येतो. टोमॅटोच्या रोपाला हात लावल्यावर बोटं हिरवट-पिवळी होतात आणि वास तासभर जात नाही, तो असल्याच केसांचा प्रताप. तंबाखूच्या रानात काम केलेल्या माणसाच्या हातावर काळा चिकटा बसतो, तोही त्यातलाच. आणि कापूस? सरकीच्या दाण्याच्या सालीवर उगवलेला केस म्हणजे कापसाचा धागा. एकेक धागा म्हणजे एकच लांबलचक वाढलेली पेशी. माझे आजोबा पिंजारी. गावोगाव फिरून गाद्या-रजया भरायचे. म्हणजे आमच्या घरातली चूल कित्येक वर्षं झाडाच्या केसांवरच पेटत आली, असं म्हणायला हरकत नाही.

झाडाला हे केस कशाला? ऊन-वारा अडवायला, पाण्याची वाफ कमी करायला, आणि किडीला थोपवायला. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. या घेवड्याचं पान अंगावरच्या सदऱ्याला लावलं तर चिकटून बसतं. लहानपणी आम्ही ती पानं छातीवर लावून शिपाई व्हायचो. त्या पानाच्या खालच्या बाजूला आकडे असतात. तुडतुड्याची पिल्लं या आकड्यांत पाय अडकून, अंगाला भोक पडून मरतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिलं. युरोपात बाल्कन भागातले लोक पूर्वी रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरून ठेवायचे. सकाळी पानांवर ढेकूण अडकलेले असायचे आणि मग पानं जाळून टाकायची. हे नेमकं कसं घडतं ते कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आकडा ढेकणाच्या पायाच्या मऊ सांध्यात सरळ घुसतो. तो जितका धडपडतो, तितका जास्त अडकतो.

हरभऱ्याची रीत निराळी. त्याच्याकडं आकडे नाहीत, आम्ल आहे. म्हणून हरभऱ्यावर बाकीच्या किडी फारशा फिरकत नाहीत. पण एक शत्रू मात्र या आम्लाला सरावला. तो म्हणजे घाटेअळी. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तुरीवरची शेंगअळी तीच, कापसावरची अमेरिकन बोंडअळी तीच. पतंग कोवळ्या शेंड्यावर, कळीवर एकेक अंडं घालतो. अळी मोठी झाली की डोकं घाट्यात आणि धड बाहेर, अशी बसून दाणे फस्त करते. एक अळी तीस-चाळीस घाट्यांचं नुकसान करते.

मग आंब कामाची नाही का? आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथं इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी हरभऱ्याच्या वाणांची आंब तपासली. १९९५ साली त्यांनी मांडलं की ज्या वाणाच्या पानावर ऑक्झॅलिक आम्ल जास्त, त्यावर अळीची वाढ खुंटते. म्हणजे आंब अळीला लगेच मारत नाही, पण वाढू देत नाही. वाढ रखडलेली अळी कमी खाते, आणि पक्ष्यांच्या, दुसऱ्या किड्यांच्या नजरेसमोर जास्त दिवस राहते. आपले शेतकरी म्हणतात, अवकाळी पाऊस झाला, आंब धुऊन गेली, आता अळी पडणार. ढगाळ हवा अळीला मानवते हे खरंच, पण वाहून गेलेल्या आंबेची त्यांची हळहळही अडाणीपणाची नाही.

इथवर गोष्ट सरळ आहे. झाडाला केस आहेत आणि ते किडीला त्रास देतात. पण झाडावर फक्त कीड नसते. किडीला खाणारेही असतात, आणि त्यांनाही त्याच केसांतून चालावं लागतं. हे आम्ही कसं शिकलो, ते सांगतो.

२००२ सालच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. वाळवा तालुक्यात माझ्या मामूंचा ऊस होता. पानाखाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर. ती लोकर म्हणजे केस नव्हे, माव्याच्या अंगातून निघणारं मेण. वरून गळणाऱ्या चिकट्यावर काळी बुरशी वाढून पानं काजळल्यासारखी झाली. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून फवारणार कोण? पुढं कोनोबाथ्रा नावाची, मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा किडा यांनी तो मावा आटोक्यात आणला. कोनोबाथ्राला शास्त्रज्ञ आता डिफा म्हणतात. लोक मित्रकीटक असलेली उसाची पानं एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन बांधायचे. मामूंनीही बांधली. तेव्हापासून आमच्या घरात मित्रकीटक हा शब्द पाहुण्यासारखा आदरानं घेतला जाऊ लागला.

उसात खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड लावतात, ते बहुतेकांनी पाहिलं असेल. पोस्टकार्डासारखा कागद, त्यावर तांदळातल्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली, आणि त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीचं पिल्लू. माशी म्हणायची एवढंच; अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ती किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. एका हिवाळ्यात मामूंकडची उरलेली कार्डं माझे थोरले भाऊ, बडेभाई, खटावला घेऊन आले. उसात चालतं ते हरभऱ्यात का चालणार नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. मीही मान डोलावली. पट्ट्या कापून संध्याकाळी झाडांना टाचल्या. औषध मारायचं थांबवलं.

पंधरा दिवसांत घाट्यांना भोकंच भोकं. निम्मं पीक गेलं. कुणी फसवलं नव्हतं, कार्डंही खराब नव्हती. चूक आमचीच. आम्ही माशी कुठल्या रस्त्यानं चालणार ते पाहिलं नव्हतं.

ट्रायकोग्रामा अंडी शोधते ती मुख्यतः पानावरून चालत चालत. तिच्या मापानं पाहिलं तर हरभऱ्याचं पान म्हणजे आंबट, ओल्या खांबांचं जंगल. इक्रिसॅटच्याच परिसरात झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं होतं. ज्वारीच्या कणसावर घातलेली याच किडीची अंडी ट्रायकोग्रामाला भरपूर सापडत. तुरीच्या फुलांवर आणि शेंगांवर फारच थोडी, कारण तिथले लांब केस आणि चिकटा. हरभऱ्यावर जवळजवळ नाहीच. कीड एकच, अंडं एकच, माशी एकच. बदललं होतं ते पान.

शब्दांचं वेड असल्यामुळं मी ट्रायकोग्रामाचं नाव शोधलं. ग्रीक भाषेत 'ट्रायको' म्हणजे केस आणि 'ग्रामा' म्हणजे अक्षर किंवा रेघ. या माशीच्या पंखांवर बारीक केस ओळीनं असतात, लिहिल्यासारखे, म्हणून हे नाव. ट्रायकोम हाही शब्द त्याच मुळाचा. केसांवरून नाव पडलेल्या माशीला झाडाच्या केसांनीच अडवलं. बडेभाईंना हे सांगितलं तर ते चिडून म्हणाले, "पत्त्यांकू बी बालां रैते क्या रे?" निम्मं पीक गेलेल्या माणसाला शब्दांची मजा सांगू नये, एवढं शहाणपण मला त्या दिवशी आलं.

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मग केस चांगले की वाईट? वाचत गेलो तसं कळलं की याला एका शब्दात उत्तर नाही. कापसाचं घ्या. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटन इथं १९२०च्या दशकात तुडतुड्यांनी कापूस बसला होता. तेव्हा तिथं केसाळ पानाचा यू-४ हा वाण निवडला गेला आणि तो तगला, कारण दाट लवेमुळं तुडतुड्याला पानावर नीट बसता-टोचता येत नाही. पण तीच दाट लव पांढऱ्या माशीला सोयीची, आणि बोंडअळीच्या पतंगाला अंडी घालायला गुळगुळीत पानापेक्षा लवेचं पान पसंत. शिवाय मावा-तुडतुडे खाणाऱ्या क्रायसोपाच्या अळीला त्याच लवेतून वाट काढताना वेळ लागतो. एका दाराला कडी घातली की दुसरं उघडं राहतं.

याच्या उलटही घडतं. तासगाव-मिरजकडच्या बागाईतदारांना डॉगरिजचा खुंट माहीत आहे. त्याच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव असते. द्राक्षाच्या काही रानटी जातींत पानाच्या मागं, शिरा जिथं फुटतात त्या बेचक्यात केसांचे झुबके असतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं की त्या झुबक्यांत सूक्ष्म कोळी घर करतात. हे कोळी पानाला खात नाहीत. भुरीची बुरशी खातात. झुबके बुजवले की कोळी कमी होतात आणि भुरी वाढते. भुरीनं बाग गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, ते मी सांगायला नको. तिथं केस म्हणजे अडथळा नाही, मित्रकीटकांची धर्मशाळा आहे.

कॅलिफोर्नियात एक चिकट रानफूल आहे. त्याच्या केसांना लहान किडे चिकटून मरतात. त्या मेलेल्या किड्यांवर कोळी आणि परभक्षी ढेकूण जगतात आणि पोटभर खाऊन तिथंच थांबतात. २०१३च्या एका प्रयोगात झाडांवर मुद्दाम जास्त मेलेल्या माश्या चिकटवल्या. रखवालदार वाढले, अळीचं नुकसान कमी झालं, फळं जास्त धरली. म्हणजे झाड जणू रखवालदारांना शिधा देतं. कुठला किडा त्या लवेत अडकेल आणि कुठला चालेल, हे त्याच्या मापावर, पायावर, सवयीवर ठरतं.

मग हरभऱ्याच्या आंबट जंगलात चालणारा कुणी आहे की नाही? आहे. कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची गांधीलमाशी. ट्रायकोग्रामाच्या मानानं ती कितीतरी मोठी, लांब पायांची. ती अंडी शोधत नाही, लहान अळी शोधते. अळीच्या अंगात अंडं घालते आणि पिल्लू अळीला आतून खातं. हरभऱ्याच्या पानावर कधी राखाडी-पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, तांदळाच्या दाण्याएवढा कोष दिसला तर तो चिरडू नका. तो तिचा आहे. आम्ही आयुष्यभर ते कोष पाहत आलो होतो आणि किडीची अंडी समजून बोटांनी फोडत होतो.

हे कळूनही आमच्या रानात काही बदललं नव्हतं. बडेभाई पुन्हा औषधाकडं वळले होते, दर वर्षी एक फवारणी जास्त. आणि मग एका जानेवारीत, अवकाळी पावसानंतर, अळी पडली तेव्हा त्यांनी दोन औषधं एकत्र करून भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून, नाकाला काही न बांधता पंप मारला. भाभी भाकरी घेऊन गेल्या तेव्हा ते बांधावर ओकत बसले होते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, बोलता येत नव्हतं. शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. चार दिवस तिथं होते. मी सांगलीहून रात्रीच्या एसटीनं गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांना नीट बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "छोटे, तू ते पानाच्या केसांचं काय सांगत होतास, ते परत सांग."

आता आमच्या रानात काय करतो, ते थोडक्यात सांगतो. ते नवीन नाही, कृषी विद्यापीठंही हेच सांगत आली आहेत. पेरताना हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकतो. ज्वारी वर येते, तिच्यावर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि अळ्या वेचतात. पक्ष्यांना आंबेचं काही वाटत नाही. हेक्टरी पाच या प्रमाणात कामगंध सापळे लावतो आणि रोज पतंग मोजतो. सकाळी ओळीतून चालतो. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत औषधाला हात लावत नाही. सुरुवातीला निंबोळी अर्क. अळ्या लहान असताना संध्याकाळी एचएएनपीव्ही हा अळीचा विषाणू, कारण उन्हात तो टिकत नाही. रासायनिक औषध लागलंच तर एकदा, एकच, आणि तोंडाला-हाताला बांधून. कॅम्पोलेटिसचे कोष दिसत असतील तर आणखी दोन दिवस थांबतो. ट्रायकोकार्डं उसात लावतो, हरभऱ्यात नाही.

दर वर्षी साधतं असं नाही. एखाद्या वर्षी ढगाळ हवा आठ-दहा दिवस राहते आणि अळीच जिंकते. पण औषधाचा खर्च कमी झाला, आणि भाभी आता पंप उचलताना बडेभाईंकडं पाहत उभ्या राहत नाहीत.

मला कुणी विचारतं, आंब एवढी गुणाची तर शास्त्रज्ञ जास्त आंबेचा वाण का काढत नाहीत? प्रयत्न झाले आहेत आणि चालूही आहेत. पण हरभरा काढणाऱ्या बायकांचे हात कुणी पाहिलेत का? आमच्याकडं काढणीला येणाऱ्या मावश्या हाताला चिंध्या बांधून येतात. तरी तिसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्यात आंब गेली की चरचरतं. लुगड्याचा घोळ आंबेनं कडक होतो आणि पुढं तिथंच फाटतो. आंबेला अळीची कातडी आणि मावशीची कातडी यातला फरक कळत नाही. अलीकडं फुले विक्रमसारखे उंच वाढणारे, यंत्रानं काढता येणारे वाण आले आहेत. यंत्र आलं की हात वाचतील, पण त्या हातांची मजुरीही जाईल. म्हणून वाण निवडताना अळी, माशी आणि माणूस या तिघांचाही विचार करावा लागेल.

दादी जाऊन तीस वर्षं झाली. गेल्या जानेवारीत गावी होतो. पहाटे जाग आली. कपाटातून एक मऊ फडकं काढलं आणि नातीला उठवलं. ती शहरातली, पहिल्यांदा कुरकुरली. दोन सऱ्या झाल्यावर तिनं बोट चाटलं आणि अगदी माझ्यासारखंच तोंड वाकडं केलं. विचारलं, "हे काय आहे?"

मी ग्रंथी, आम्ल, ट्रायकोम असं काहीतरी सांगणार होतो. तोवर बांधावरून बडेभाई ओरडले, "झाडाचा घाम आहे बेटा तो. आणि सांभाळून चाल, पानामागचे ते पांढरे कोष पाडू नकोस."